हळदीचा कुकर विकणे आहे

माझं वय सत्तेचाळीस. डोक्यावरचे केस निम्मे गेले, मोठा पोरगा बारावीला बसला, तरी गावाला मी अजून मुन्नाच. कळमनुरी तालुक्यात, नांदेड रस्त्यापासून चार किलोमीटर आत आमचं गाव आहे आणि गावाच्या पारासमोर माझं झेरॉक्सचं दुकान. पाटी झेरॉक्सची असली तरी झेरॉक्स दिवसाला दहासुद्धा निघत नाहीत. पीक विम्याचे अर्ज, रिचार्ज, दाखले, कुणाचा आधार कार्डाचा अंगठा उमटत नाही, कुणाचा जावई फोन उचलत नाही, असं सगळं माझ्याच काउंटरवर येऊन पडतं. लोक मला हुशार समजतात. मीही समजत होतो, गेल्या वर्षापर्यंत.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. जळबाकाका दुकानात आले, बाकावर बसले, दम लागला होता तो खाली बसेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मुन्ना, कुकर इकायचा हाय. तुह्या मोबाईलवर टाकून दे."

बाहेरच्या माणसाला कुकर म्हटलं की डाळ-भात आठवतो. आमच्याकडं कुकर म्हणजे हळद शिजवायचं यंत्र. चाकांच्या गाड्यावर मधे पाण्याची टाकी, टाकीखाली भट्टी, आणि बाजूला ओल्या हळदीचे मोठाले ड्रम. भट्टी पेटवायची, वाफ नळ्यांतून ड्रममध्ये सोडायची, हळद शिजली की ड्रम तिरका करून ताडपत्रीवर ओतायचा. ट्रॅक्टरला जोडून हा गाडा या शेतातून त्या शेतात जातो. जळबाकाकांचा कुकर तीन ड्रमांचा होता, निळ्या रंगाचा. पुढं पांढऱ्या अक्षरांत लेकीचं नाव 'आकांक्षा', मागं 'जय भीम', आणि टाकीवर हातभर उंचीच्या आकड्यांत त्यांचा मोबाईल नंबर. रंग उडाला की काका आधी नंबर पुन्हा काढून घेत, बाकीचं नंतर.

हा कुकर त्यांनी स्वतः बनवला होता. आईबाप शेतमजूर, घरची जमीन नाही. काकांनी वसमतला एका वेल्डिंगच्या दुकानात अठरा वर्षं काढली. तिथं दुसऱ्यांचे कुकर जोडून जोडून हात तयार झाला तेव्हा चतुराबाई काकू त्यांना म्हणाली, लोकायचे किती करसाल, एक आपला करा. मग जुना पत्रा, नवे पाइप, एका कारखान्यातून मोडीत निघालेली टाकी असं जमवत जमवत दोन वर्षांत गाडा उभा राहिला. पहिली आठ-दहा वर्षं काकूसुद्धा बरोबर जायची. हळद शिजली की नाही हे काका खराट्याची काडी टोचून बघायचे. काकू लांब उभी राहून नुसत्या वासावर सांगायची. दोघांची पैज लागायची आणि काकूच जिंकायची. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर काका एकटेच गाड्याबरोबर जायला लागले.

आता त्यांच्या धंद्याची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माघ लागला की त्यांचा फोन वाजायला लागायचा आणि चैत्र संपेपर्यंत थांबायचा नाही. कुकरवाल्याला फोन करून नंबर लावावा लागतो. कुणाचाही फोन येवो, ओळखीचा वा अनोळखी, काका तीनच प्रश्न विचारायचे. गाव कोणतं? पाला कापून किती दिवस झाले? पाणी जवळ हाय का? तिन्ही उत्तरं मिळाली की मनात हिशेब करून दिवस सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "ट्रॅक्टर तुमचा धाडा. अन् माझं जेवण तुमच्याकडं." मगच फोन ठेवायचे. इतर कुकरवाले डबा नेतात, कुणी धाब्यावर जातात. काकांनी डबा कधी नेला नाही.

एका गावात पहिल्या वर्षी सगळ्यांना ताटं दिली आणि यांना पत्रावळ.  काका जेवले, ड्रम पुरे केले, आले. पुढच्या वर्षी त्या घरचा फोन आला तर "नंबर फुल्ल हाय" म्हणाले, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी त्या घरच्या म्हाताऱ्या पार्वतीबाईनं स्वतः फोन केला. "जळबा, ताट मांडून ठिवलंय तुहं, ये." तेव्हा गेले. तेव्हापासून त्या घरी काकांना पहिलं ताट आणि वर लोणच्याची फोड ज्यादा. हा किस्सा ते फार ऐटीत सांगायचे.

म्हणजे वर्षातले अडीच-तीन महिने हा माणूस रोज कुणाच्या तरी घरचं जेवायचा, पाच-पंचवीस माणसांत उठायचा-बसायचा, पोरीबाळींची चौकशी करायचा. उरलेले नऊ-साडेनऊ महिने गावाच्या कडेला दोन खोल्यांत एकटा. सकाळी एकदाच स्वयंपाक करायचा आणि दोन्ही वेळा तोच जेवायचा. आकांक्षा पुण्याला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. पोरगी गुणाची; दर रविवारी न चुकता फोन करते. दहा मिनिटं बोलते, त्यातली सहा गोळ्या घेतल्या का यात जातात.

विकायचं कारण छातीचं होतं. वीस वर्षं भट्टीचा धूर खाल्लेला. नांदेडच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं की पुन्हा धुरात उभं राहिलात तर मी जबाबदार नाही. आकांक्षानं फोनवर रडून शपथ घातली. "बाबा, आता दगदग नको. विकून टाका अन् आरामात बसा."

आराम हा शब्द काढणारे आम्ही सगळे. काकांनी तो कधी मागितला नव्हता.

तर मी त्यांना विकायच्या वाटा समजावून सांगितल्या. मला समजावून सांगायला फार आवडतं. म्हटलं, काका, तीन वाटा आहेत. एक, भंगार. वजनावर जाईल, तुमच्या वीस वर्षांचं लोखंड होईल. दोन, हिंगोलीचे पुनमचंदशेठ. जुन्या यंत्रांचाच त्यांचा धंदा, फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस येतो, बघतो, पैसे हातावर ठेवतो आणि गाडा घेऊन जातो. भाव जरा पडता देतात, पण एका दिवसात मोकळे. तीन, मोबाईलवर जाहिरात. भाव चांगला येईल, पण डोक्याला ताप. कुठून कुठून फोन येतील, निम्मे नुसते चौकशी करणारे, रिकामटेकडे.

"फोन किती येतील?" काकांनी विचारलं.

"काय सांगावं. दिवसाला चार येतील, दहाबी येतील."

"रोज?"

"विकेपर्यंत रोज. म्हणून तर म्हणून राहिलो, पुनमचंदशेठ बरे. तुमाला कशाला एवढी तकलीफ?"

काकांनी पाराकडं बघितलं. मग म्हणाले, "न्हाई. जाहिरातच टाक."

मला वाटलं म्हाताऱ्याला भावाची हाव आहे. हे मी आज कबूल करतो. समोरचा माणूस 'फोन किती येतील' विचारतो आणि मी मनात पैसे मोजतो, एवढी माझी हुशारी.

जाहिरात लिहिताना आमचं भांडण झालं. मी लिहिलं, 'तीन ड्रमचा हळद कुकर, उत्तम स्थितीत.' काका म्हणाले, उत्तम कशाला, तिसऱ्या ड्रमचं झाकण वाकडं हाय ते लिही. दोन टोले मारले की बसतं, हेबी लिही. मी म्हटलं, काका, दोष कोण लिहितं जाहिरातीत? ते म्हणाले, "घेणाऱ्याचा हात भाजल ना रं." शेवटी लिहिलं. डाव्या चाकाला हवा कमी राहते तेही लिहिलं. मग विकण्याचं कारण अशी एक जागा होती. मी विचारलं, काय टाकू? काका म्हणाले, "माणूस थकला, यंत्र न्हाई थकलं. असं टाक." तेवढं एक वाक्य मात्र मला आवडलं. खाली त्यांचा नंबर दिला. त्यांचा फोन बटणांचा. जाहिरात माझ्या मोबाईलवरून गेली, पण वाजणार होता तो त्यांचा फोन.

आणि वाजायला लागला.

काकांच्या घरात रेंज नाही. ती फक्त माझ्या दुकानापुढच्या बाकावर चांगली येते, म्हणून ते सकाळी आंघोळ करून, इस्तरीचा सदरा घालून बाकावर येऊन बसू लागले. फोन आला की दोनदा वाजू द्यायचे, घसा साफ करायचे आणि उचलायचे. "हां, बोला. जळबा कुकरवाला. गाव कोणतं?"

समोरचा कुकरचा भाव विचारायचा, आणि हे विचारायचे पाला कापला का. आडवं बोलत नव्हते. वीस वर्षांची सवय ती. समोरचा गडबडायचा आणि उत्तर द्यायचा. मग निघायचं बोलणं. अर्धापूरचे, यवतमाळकडचे, सांगलीकडचे लोक. एकदा तेलंगणातून निजामाबादकडचा एक भाई बोलला, तर काका त्याच्याशी अर्धा तास. "हां भाई, पानी नजदीक है क्या? अच्छा. बच्चे कित्ते हैं?" कुकरचा आणि त्या माणसाच्या बच्च्यांचा काय संबंध, हे मी आत झेरॉक्सच्या मशिनीशी पुटपुटत होतो. फोन ठेवून काका मला सांगायचे, "त्याच्याकडं औंदा हळदीचे गड्डे मोठे धरलेत, मुन्ना. पोरगी दहावीला हाय म्हणे." ज्याला उभ्या जन्मात बघणार नाहीत त्याच्या पोरीच्या दहावीची काळजी यांना.

महिना झाला. विक्रीचं नाव नाही. अर्धापूरचा एक शेतकरी तर ट्रॅक्टर आणि रोख रक्कम घेऊनच आला. काकांनी त्याला भट्टी पेटवून दाखवली, घरी नेलं, स्वतः कोंबडी रांधली, दोन तास जेवणावळ चालली, आणि शेवटी म्हणाले, "विचार करून सांगतो." तो माणूस जाताना माझ्या दुकानावर थांबून मलाच शिव्या देऊन गेला, कारण जाहिरात माझी.

मी काकांवर चिडलो. "इकायचा हाय का न्हाई एकदाच सांगा. गिऱ्हाईक परत धाडून राहिले, काहून?"

"इकू ना," ते म्हणाले. "काय घाई हाय? फोन तर येऊन राहिले."

हे वाक्य त्यांनी इतकं सरळ सांगितलं होतं. तरी मी म्हटलं, हो, आता फोन येतायत, पण माघ तोंडावर आला, मग कुणी घेणार नाही, मग बसा पुनमचंदच्या पाया पडत. मी खरंच रागात होतो. काका फोन सदऱ्याच्या खिशात ठेवून उठले.

मग मिराबाईचा फोन आला. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात त्यांचा अकरा बायांचा बचत गट आहे. त्यांना हळद शिजवायचं काम स्वतः सुरू करायचं होतं. बाई पहिल्याच फोनवर म्हणाली, "काका, भाव मागून बोलू. आधी मला सांगा, शिजली हे कळतं कसं?"

काका बाकावरून उठून उभेच राहिले. वीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तो फोन पाऊण तास चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचाच. टाकीत पाणी किती ठेवायचं, वाफेचा काटा कुठंवर जाऊ द्यायचा, कापसाच्या पऱ्हाटीचा जाळ बरा का लाकडाचा, गड्डे आणि हळकुंडं वेगळी का शिजवायची. असे दहा-बारा दिवस रोज. काका बाकावर बसून हातवारे करत तिला समजावून सांगायचे आणि ती ते सगळं वहीत लिहून घ्यायची. एकदा मी ऐकलं, काका म्हणत होते, "आधी वास बदलतो पोरी. कच्चा उग्र वास जातो. माह्या बायकोला काडी लागतच नव्हती, ती वासावर सांगायची. तुमी अकरा जणी आहात, एखादीचं तरी नाक तसं असंलच."  काकूचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

त्या दहा-बारा दिवसांतच त्यांनी ठरवून टाकलं. कुकर मिराबाईलाच. पुनमचंदशेठपेक्षा थोडा जास्त, जाहिरातीपेक्षा बराच कमी, असा काहीतरी भाव झाला. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "ती पोरगी फोन करल रं. नवं काम हाय, अडल. दहा वेळा करल. अन् पहिल्या ड्रमाला मला यायलाच लावणार हाय ती. तसं बोललीच ती."

खरंच बोलली होती. पौषात सहा बाया टेम्पोतून आल्या, मागं भाड्याचा ट्रॅक्टर. त्यांनी कुकरला हळद-कुंकू लावलं, काकांच्या पाया पडल्या. वाकड्या झाकणाला दोन टोले कुठं मारायचे ते काकांनी प्रत्येकीच्या हातात हातोडी देऊन शिकवलं. मिराबाई निघताना म्हणाली, "काका, पहिला ड्रम तुमच्या हातानं. फोन करते." गाडा फाट्याकडं वळेपर्यंत काका रस्त्यावर उभे होते. टाकीवरचा नंबर दिसेनासा झाला तेव्हा म्हणाले, "रंग चांगला टिकलाय."

आता माझा पराक्रम ऐका.

त्याच दिवशी मी जाहिरातीवर 'विकले' असं टाकून ती बंद केली. मग मला वाटलं, माघ लागेल तसे काकांच्या जुन्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतील. दम लागणारा माणूस, प्रत्येकाला 'विकला, विकला' सांगत बसेल. आपण कशासाठी आहोत? मी तालुक्यातल्या हळदवाल्यांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला: 'जळबाकाका कुकरवाले यांनी तब्येतीच्या कारणाने कुकर विकला आहे. तरी सर्वांनी दुसरीकडे नंबर लावावा. काकांना फोन करून तकलीफ देऊ नये.' खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं. साठ-सत्तर जणांनी अंगठे दिले. आकांक्षाला पाठवला तर ती म्हणाली, दादा, फार चांगलं केलं. मला त्या रात्री स्वतःचाच अभिमान वाटला.

माघ लागला. शेतांतून भट्ट्या पेटल्या, दुपारच्या वाऱ्यावर गावात शिजत्या हळदीचा वास यायला लागला. काका रोज बाकावर यायचे. इस्तरीचा सदरा, खिशात फोन. पाच-सहा दिवस गेल्यावर मला जरा चुकल्यासारखं वाटलं, काय ते कळेना. मग कळलं की बाहेरून 'गाव कोणतं' ऐकू येत नाही.

त्यांनी एक पिशवीही बरोबर आणायला सुरुवात केली होती. मी विचारलं, यात काय? म्हणाले, "सदरा-धोतर. सेनगावला रात्री राहायचं झालं तर असू दे."

मिराबाईचा फोन आलाच नाही. तिचा व्हिडिओ आला, आणि तोही माझ्या मोबाईलवर, कारण काकांच्या फोनवर व्हिडिओ येत नाही. मी मोबाईल बाहेर नेऊन त्यांच्यासमोर धरला. निळा कुकर, भोवती बाया, ड्रम तिरका होतोय, पिवळी वाफाळती हळद ताडपत्रीवर पसरते, आणि एक नीलाबाई नावाची म्हातारी नाक वर करून लांबूनच म्हणते, झाली गं, शिजली. सगळ्या हसतात. मग मिराबाई समोर येते. "काका, तुमी सांगितलं तसंच केलं. पहिलाच ड्रम एकदम बराबर उतरला. वहीत सगळं लिहेल होतं, कुठंच अडलं न्हाई. म्हणून मंग तुमाला बोलावून तकलीफ न्हाई दिली. छातीला धूर नको तुमच्या."

काकांनी व्हिडिओ तीनदा बघितला. "शिकली पोरगी," म्हणाले. "ती नाकवाली बाईबी मिळाली बघ त्यायला." चेहऱ्यावर आनंद होता, खोटा नव्हता. इतकं नीट शिकवलं होतं की विचारायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. पिशवी उचलून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले ते पिशवीशिवाय.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, दुपारी, दुकानात कुणी नसताना काका बाकावरून उठून आत आले. खिशातला फोन काढून काउंटरवर ठेवला.

"मुन्ना, बघ बरं याला काय झालं. माघ सरला, हा वाजूनच न्हाई राहिला."

मी फोन हातात घेतला. रेंज पूर्ण. रिचार्ज मीच मारलेलं, अजून महिनाभर बाकी. आवाज सगळ्यात मोठा ठेवलेला. मी उगाच बॅटरी काढून पुसली, पुन्हा बसवली. फोनला काही झालं नव्हतं, आणि मला एकदम सगळं कळलं. दिवाळीपासूनचं सगळं, ओळीनं. 

"काका," मी म्हणालो, "फोन चांगला हाय. मीच... मी ग्रुपवर टाकलं होतं. की तुमी कुकर इकला, तुमाला कुणी फोन करू नका म्हणून. तुमाला तकलीफ नको म्हणून."

 मला वाटलं काका शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"चांगलं केलं," ते म्हणाले. "लोकायचीबी तकलीफ वाचली."

पण तिथंच उभे राहिले. जाईनात. काउंटरवरचा फोन उचलून खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"तरी एक डाव लावून बघ," म्हणाले. "वाजतो का, तेवढं तरी कळल."

मी माझ्या मोबाईलवरून नंबर लावला. तो नंबर मला पाठ आहे, सगळ्या तालुक्याला पाठ आहे. फोन वाजला. काका वळले आणि माझ्याकडं पाठ करून दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले. दोनदा वाजू दिला. घसा साफ केला.

"हां, बोला. जळबा कुकरवाला. गाव कोणतं?"

आमच्यात चार हातांचं अंतर होतं. मला दोन-दोन आवाज ऐकू येत होते, एक दारातून आणि एक कानातून. हसून 'चालू आहे काका' म्हणायला हवं होतं. ते तोंडातून निघेना.

"कळमनुरीकडलं," मी म्हणालो.

"पाला कापून किती दिवस झाले?"

"बारा झाले."

"पाणी जवळ हाय का?"

"हाय. हिरीला हाय पाणी."

काका गप्प झाले. मनातल्या मनात दिवस जुळवताना व्हायचे तेवढेच गप्प. पाठीवरचा सदरा श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

"भाऊ, त्याचं असं हाय," ते म्हणाले, "कुकर तर आता न्हाई आपल्याकडं. इकला." फोन दुसऱ्या कानाला लावला. "पन म्या नुसताच आलो तर चालल का?"

 

"या ना, काका," मी म्हणालो. "आजच या. तुमचं जेवण आमच्याकडं."

"बरं," ते म्हणाले, आणि नेहमीसारखं बटण दाबून फोन बंद केला. मग वळले, डोळे सदऱ्याच्या बाहीनं पुसले आणि फोन खिशात ठेवत मला म्हणाले, "चालू हाय रं. बराबर वाजून राहिला."

मी शटर ओढलं आणि घरी फोन करून एक ताट जास्त मांडायला सांगितलं.